पायथ्याच्या आरोग्य केंद्रात किती कुप्या आहेत? सह्याद्रीतील पावसाळी सहलींच्या आयोजकांना खुले पत्र

सन्माननीय आयोजकहो,

रोहिणी नक्षत्र लागले की आपल्या जाहिराती माझ्या फोनवर येऊ लागतात. भंडारदऱ्याची काजव्यांची रात्र, लोणावळ्याहून राजमाचीची रात्रीची चाल, भीमाशंकरचा शिडी घाट, आणि अलीकडच्या काही वर्षांत कोकणातल्या घरगुती निवासांत ‘चढणीचे मासे आणि खेकडे पकडण्याचा अनुभव’. बस कुठून सुटणार, न्याहारीला पोहे की उपमा, सोबत किती जोडी कपडे घ्यायचे, इथपर्यंतचा तपशील त्यांत असतो. गेल्या वर्षी मी अशा एकवीस जाहिराती मुद्दाम जपून ठेवल्या आणि पावसाळा संपल्यावर एकेक करून पुन्हा वाचल्या. कुणाला साप चावला तर त्याला कुठे नेणार, याविषयी एकाही जाहिरातीत एक ओळसुद्धा नव्हती.

मी डॉक्टर नाही आणि सर्पमित्रही नाही. पंचवीसेक वर्षे डोंगर हिंडलो आहे आणि त्याहून अधिक वर्षे ओढ्याकाठी गळ टाकून बसलो आहे, एवढाच माझा अधिकार. दुसरेही एक कारण आहे आणि ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे हे पत्र कुणी उपदेश म्हणून वाचणार नाही.

आठ वर्षांपूर्वी आषाढातल्या एका शनिवारी मी बेचाळीस जणांच्या गटाबरोबर एका घाटवाटेने उतरत होतो. निघायलाच उशीर झाल्याने दिवस मावळला, पाऊस धरला आणि बहुतेकांचे फोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गेल्यामुळे दहा जणांमागे एखादी बॅटरी उरली. माझ्यापुढे दोन माणसे सोडून चालणाऱ्या एका तरुणाने पायवाटेच्या कडेच्या गवतात पाऊल टाकले आणि तो ‘काटा लागला’ म्हणून थांबला. पायात उघड्या सँडल होत्या. बॅटरीच्या उजेडात घोट्याच्या वर दोन छिद्रे दिसली. एका छिद्रातून रक्ताचा बारीक ओघळ येत होता आणि तो पुसला तरी थांबत नव्हता. गवतात जाडजूड, साखळीसारख्या तपकिरी ठिपक्यांचे जनावर अजून तसेच पडून होते. आमच्या बावीस वर्षांच्या म्होरक्याने बुटाची नाडी काढून पोटरीला करकचून बांधली, कुणीतरी ब्लेड शोधू लागले, आणि त्या मुलाला दोघांच्या खांद्यांवर हात टाकायला लावून आम्ही त्याला दीड तास चालवत खाली आणले. पायथ्याच्या गावात जीप मिळाली. गावाबाहेर प्राथमिक आरोग्य केंद्राचा दिवा जळत होता. ‘इथे काय असणार, सरळ शहरात नेऊ’ असे म्हणून जीप त्या दिव्यासमोरून पुढे काढायला लावणारा मी होतो. शहरातल्या रुग्णालयात पोहोचेस्तोवर आणखी अडीच तास गेले. मुलगा वाचला, पण मूत्रपिंडे बंद पडल्याने जवळजवळ तीन आठवडे त्याला डायलिसिसवर ठेवावे लागले. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की त्या रात्री त्या केंद्रात डॉक्टरही होते आणि औषधही होते.

ती घोणस होती. घोणशीचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती काढून घेते आणि मूत्रपिंडांवर आघात करते. मधला प्रत्येक तास किती महागात पडतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असायला हवे होते. आपल्याला आणि आपण नेमलेल्या मुलामुलींना ते ठाऊक असावे, एवढ्यासाठी हे पत्र.

खेड्यात साप चावण्याला ‘पान लागले’ म्हणतात. नाव घेतले तर जनावर येते म्हणून शब्द फिरवून बोलण्याची ही जुनी रीत. आपल्या जाहिरातींतले मौन मात्र त्या भीतीपोटी आलेले नाही, ते गिऱ्हाईक बिचकेल या भीतीपोटी आलेले आहे. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते. मरणारे बहुतेक शेतकरी, शेतमजूर आणि त्यांची मुले आहेत, हौशी डोंगरयात्री नव्हेत, हे खरे. परंतु आपण आपल्या गिऱ्हाइकांना नेमक्या त्याच चार महिन्यांत, त्याच गवतातून, पुष्कळदा रात्रीच्या वेळी नेता. आणि शेतकऱ्याला उपजत असलेली नजर त्यांच्याकडे नसते.

महाराष्ट्रात माणसाला मारणारे मुख्य साप चार आहेत: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत यांतला प्रत्येक जण कुठे भेटू शकतो, ते आपणच ताडून पाहावे. घोणस संध्याकाळनंतर पायवाटेच्या कडेला असते. काठी आपटत चालले की साप दूर जातात, असे आपले म्होरके सांगतात आणि ते पुष्कळ सापांच्या बाबतीत खरेही आहे. पण घोणस आपल्या रंगावर विसंबून जागची हलत नाही, कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार करते किंवा तोही करत नाही. तिच्यापाशी काठीपेक्षा पायाशी पडणारा उजेड आणि घोट्याच्या वर जाणारा बूट उपयोगी पडतो. फुरसे हातभर लांबीचे असते, कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर दगडांखाली राहते, आणि ब्रिटिश अमदानीत रत्नागिरी जिल्ह्यात ते मारण्यासाठी सरकारने बक्षीस लावावे इतके तिथे ते मुबलक होते. तंबूसाठी जागा करताना सड्यावरचे दगड हाताने उचलून बाजूला टाकण्याची सवय आपल्या लोकांना असते, तिचा या सापाशी थेट संबंध आहे.

मण्यारीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण चौघांत तीच सर्वांत फसवी आहे. ती रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि तिचा दंश बहुधा दुखत नाही, सुजत नाही, कित्येकदा खूणही सापडत नाही. आपले गट देवळाच्या सभामंडपात, शाळेच्या ओसरीवर, गडावरच्या गुहेत सतरंजी अंथरून झोपतात. पहाटे एखादा मुलगा उठतो आणि पोटात कळ येते म्हणतो. रात्रीचा झुणका बाधला असे समजून त्याला इनो पाजले जाते. तासाभराने त्याच्या पापण्या जड होतात, शब्द अडखळतात, थुंकी गिळता येत नाही. जागरण झाले म्हणून त्याला पुन्हा झोपवले जाते. श्वासाचे स्नायू लुळे पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही की हा दंश आहे. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि पापण्यांची जडता एकत्र आली, तर अन्य काही सिद्ध होईपर्यंत मण्यार चावली आहे असे धरून निघावे, एवढे एक वाक्य आपल्या प्रत्येक म्होरक्याला पाठ असले पाहिजे. चारी कडा गादीखाली खोचलेली मच्छरदाणी हा यावरचा स्वस्तातला उपाय आहे. तंबू असेल तर त्याची चेन रात्रभर बंद ठेवावी.

चौघांच्या बाहेरचाही एक आहे. आंबोलीच्या परिसरात आणि एकूणच ओल्या सदाहरित रानात ओढ्याकाठच्या झुडपांवर चापडा बसलेला असतो, कधी पानाच्या रंगाचा हिरवा, मलबारी जातीत कधी तपकिरी किंवा पिवळटही. चढताना आधारासाठी आपण जी फांदी धरतो तीच त्याची जागा. याच्या दंशाने माणूस सहसा मरत नाही, मात्र वेदना आणि सूज भयंकर असते. आणि आपल्याकडचे प्रतिसर्पविष, म्हणजे सर्पदंशावरचे औषध, वरच्या चार सापांच्या विषापासून बनवलेले असल्यामुळे ते यावर भरवशाचे नाही. छायाचित्रासाठी त्याच्या तोंडापाशी फोन नेणाऱ्यांना ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी.

आता मासे आणि खेकड्यांच्या सहलींकडे येतो, कारण हा माझा स्वतःचा छंद आहे. पहिल्या दमदार पावसात मासे ओढ्याच्या प्रवाहाविरुद्ध शेतांकडे चढतात. त्या रात्री बत्ती घेऊन बांधावर उभे राहण्यात जी मौज आहे ती शब्दांत सांगता येणार नाही, आणि ती कुणाला मिळू नये असे मी कधीही म्हणणार नाही. पण त्याच पावसाने बिळांत पाणी भरून साप बाहेर पडलेले असतात, बेडूक बांधावर आलेले असतात, आणि त्यांच्यामागे नागही आलेला असतो. गावातला जाणता माणूस खेकड्याच्या बिळात हात घालण्याआधी तोंडाशी पाहतो. चिखलावर खेकड्याच्या नांग्यांचे ओरखडे आणि ताजी उकरलेली माती असेल तर तो पुढे जातो. तोंड गुळगुळीत, घासलेले दिसले तर हात मागे घेतो. माझे मामा तर त्यानंतरही आधी काठी घालत. शहरातून आलेल्या पाहुण्याला एका संध्याकाळीत ही विद्या येत नाही. त्याला बिळात हात घालायला देऊच नये, त्याच्या हातात टोपली द्यावी, उजेड धरायला द्यावा, गमबूट घालून पाण्याबाहेर उभे करावे. लावून ठेवलेले जाळे अंधारात नुसत्या हातांनी चाचपू नये. त्यात अडकलेला साप बहुतेक वेळा बिनविषारी दिवड असतो, ती कडकडून चावते आणि रक्तही काढते. पण अंधारात, पाण्यात, हाताला दात लागल्यावर हा फरक ओळखण्याच्या मनःस्थितीत कुणी नसतो. किनाऱ्यावर रापण ओढण्याचा अनुभव विकणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की जाळ्यात समुद्रसाप येतात, ते अत्यंत विषारी असतात, आणि त्यांच्यावरचे प्रतिविष आपल्या देशात तयार होत नाही. जाळ्यातले असे जनावर कोळ्यांनाच काढू द्यावे.

काजव्यांच्या सहलींचा प्रश्न याहून नाजूक आहे. काजवे बिथरतात म्हणून बॅटऱ्या बंद करा, असे आपण सांगता. काजव्यांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण ज्येष्ठाच्या तोंडावर, वळवाच्या सरींनंतर, चपला घातलेल्या शेकडो माणसांना काळोख्या रानात दिवे विझवून चालवणे म्हणजे काय, याचा विचार मी काजव्यांच्या झाडाखाली उभा राहून केलेला आहे. माझी सूचना साधी आहे. काजवे पाहण्याची जागा दिवसा आखून, गवत कापलेल्या मोकळ्या पट्ट्यावर ठरवावी, तिथवर जाताना आणि येताना बॅटरीच्या काचेला लाल जिलेटिन कागद लावून झोत पायांपुढे जमिनीवरच ठेवावा, आणि दिवे विझवायचे ते उभे राहिल्यावर. चालताना नव्हे.

दंश झाल्यावर काय करायचे आणि काय नाही, याविषयी भारतातल्या उपचारपद्धतीची सूत्रे फार थोडी आहेत, तरी आपल्या साहित्यातल्या प्रथमोपचार पेट्यांत मी अजून रबरी पट्टी आणि शोषण्याचा पंप पाहतो. आवळून बांधू नये, चिरू नये, चोखू नये, बर्फ लावू नये, पाला किंवा हळद भरू नये. अंगठी, घड्याळ, पैंजण सूज येण्याआधी उतरवावेत. हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी किंवा ट्रेकिंगची काठी लावून तो अवयव स्थिर करावा, आणि माणसाला चालवू नये. आम्ही तेच केले होते, म्हणून पुन्हा लिहितो: चालवू नये. डोंगरातल्या वाड्यांवर आजही आजारी माणसाला वासा आणि चादरीच्या डोलीतून खाली आणतात. ती बांधायला पाच मिनिटे लागतात आणि उचलायला आळीपाळीने सहा-आठ माणसे. बेचाळीस जणांच्या गटाला यात काय अवघड होते, हा प्रश्न मला अजून छळतो. आधीच कुणी घट्ट दोरी बांधली असेल तर ती वाटेत एकदम सोडू नये, डॉक्टरांसमोर सोडावी. दंशाची वेळ लिहून ठेवावी. दुखण्यासाठी ॲस्पिरिन, ब्रुफेन देऊ नये, कारण रक्तस्राव वाढतो. साप मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नये. चारही सापांवर औषध एकच असल्याने आणि डॉक्टर लक्षणांवरून उपचार करत असल्याने मेलेला साप पिशवीत घालून नेण्याने काही साधत नाही, आणि दुसरा माणूस चावून घेण्याची शक्यता तेवढी वाढते.

काही हौशी गटप्रमुख प्रतिसर्पविषाची कुपी सोबत बाळगण्याचा विचार करतात, असे ऐकतो. कृपया करू नये. हे औषध घोड्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून बनते, शिरेतून द्यावे लागते आणि काहींना त्याची इतकी तीव्र ॲलर्जी येते की त्या क्षणी ॲड्रेनॅलिन हाताशी नसेल तर औषधानेच माणूस दगावू शकतो. ते रुग्णालयाचे काम आहे. आपले काम कोणत्या रुग्णालयात, हे आधी ठरवण्याचे.

आणि इथे मी माझ्या मूळ मागणीपाशी येतो. विषबाधा झालेल्या रुग्णाला पहिल्या मात्रेतच साधारणपणे १० कुप्या द्याव्या लागतात, लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने सोडलेले विष मुलाच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही. म्हणून आरोग्य केंद्राला ‘सापाचे औषध आहे का’ असे विचारणे पुरेसे नाही. तीन कुप्या असतील तरी उत्तर ‘आहे’ असेच येते. किती कुप्या आहेत, शनिवारी रात्री आणि रविवारी डॉक्टर मुक्कामी असतात का, रक्त गोठते की नाही हे वीस मिनिटांत दाखवणारी काचेच्या नळीची चाचणी तिथे होते का, आणि श्वास थांबू लागला तर व्हेंटिलेटर असलेले सर्वांत जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हे चार प्रश्न विचारायला हवेत. उत्तरे जाहिरातीच्या तळाशी, बस सुटण्याच्या ठिकाणाशेजारी, छापावीत. पहिली मात्रा जवळात जवळ मिळते तिथे घ्यावी आणि मग १०८ च्या रुग्णवाहिकेने पुढे न्यावे. शहरातले मोठे रुग्णालय हा दुसरा थांबा आहे. पायथ्याच्या केंद्रात पुरेसा साठा नाही असे आढळले तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवावे आणि साठा येईपर्यंत तो ट्रेक दुसरीकडे न्यावा. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आहे. आपल्या पत्राला वजन येण्यासाठी त्याचा उल्लेख अवश्य करावा. आपल्यासारख्या पन्नास आयोजकांची अशी पत्रे एका तालुक्याला गेली, तर त्याचा फायदा रविवारी परतणाऱ्या आपल्या पाहुण्यांपेक्षा सोमवारी भाताच्या खाचरात उतरणाऱ्या गावकऱ्यांना अधिक होईल. त्यांच्या वाटांवरून, ओसऱ्यांवरून आणि बांधांवरून आपण व्यवसाय करतो, तेव्हा हे काही उपकार ठरणार नाहीत.

यावर आपल्यापैकी एकाचे म्हणणे माझ्या कानावर आले आहे की साप हा शब्द जाहिरातीत छापला तर निम्म्या आया मुलांना पाठवणार नाहीत. असेलही. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या एका मुलीला तिच्या पहिल्या पावसाळी ट्रेकला पाठवताना तिच्या आईने आयोजकाला फोन करून, मी लिहून दिलेल्या कागदावरचे हेच चार प्रश्न विचारले. आयोजकाने दोन दिवसांनी उलट फोन करून केंद्राचे नाव, तिथल्या कुप्यांची संख्या आणि पुढच्या रुग्णालयाचे अंतर सांगितले. माऊलीने त्याच दिवशी पैसे भरले, आणि धाकट्या मुलाचेही नाव घातले.

मृगाला अजून तीन आठवडे आहेत. मुळशी, वेल्हे (आता राजगड) आणि अकोले तालुक्यांतल्या माझ्या नेहमीच्या वाटांच्या पायथ्याची केंद्रे मी स्वतः या आठवड्यात फोन करून विचारणार आहे, आणि मिळालेली उत्तरे तारखेसह एका कागदावर मांडून जो आयोजक मागेल त्याला देईन. बाकीच्या तालुक्यांसाठी आपल्यापैकी कोण कोण कागद उचलते, ते मला रोहिणी सरायच्या आत कळवावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक जुना डोंगरयात्री आणि हौशी गळवाला